दार बंद, पण पाळी चुकत नाही
(वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं)

दिवाळी अंकात मी इंग्लंडच्या डोंगरातल्या एका खेड्यात लेकीकडे काढलेल्या सहा महिन्यांबद्दल चार पानं लिहिली होती. त्यावर आलेली पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप यांचा गठ्ठा संपादकांनी माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "बाई, आता उत्तरंही तुम्हीच द्या." जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरी-चौथीला आयुष्य घालवलं, प्रश्नांची सवय आहे. हात वर न करता विचारणारी मुलं मात्र पहिल्यांदाच भेटली.

गावाचं नाव पुष्कळांनी विचारलंय. ते सांगणार नाही, लेकीची ताकीद आहे. एवढं समजा की ते डर्बीशर परगण्यात, शेफिल्ड आणि मँचेस्टर या दोन शहरांमधल्या डोंगराळ पट्ट्यात आहे. त्या पट्ट्याला पीक डिस्ट्रिक्ट म्हणतात. आमचं रेल्वे स्टेशन हॅदरसेज. मी एप्रिलमध्ये गेले आणि सप्टेंबरअखेर परत आले.

प्रश्न (चोपडा): बाई, तिकडे शेजारी एकमेकांच्या दारात जात नाहीत, माणूस घरात मरून पडला तरी कळत नाही म्हणतात. खरं का?

जात नाहीत हे खरं. दुसरं निदान आमच्या गावापुरतं तरी खरं नाही.

पहिले तीन आठवडे माझं तोंड शिवल्यासारखं झालं होतं. लेक सकाळी सातला हॉस्पिटलात ड्यूटीला, जावई ऑफिसला, आणि मी खिडकीत. रस्त्याने माणसं जायची, हात करायची, "लव्हली मॉर्निंग" म्हणून पुढे निघायची. त्या सकाळीत लव्हली काय असायचं ते मला कळलं नाही, बहुतेक वेळा पाऊस असायचा. धुळ्याला बहिणीला फोन लावून मी रडले, "आठे कोनीच बोलत नही वं माय." आपल्याकडे गल्लीत नवा भाडेकरू आला तर टेम्पोतलं सामान उतरायच्या आत त्याचं आडनाव, पगार आणि सासुरवाडी सगळ्यांना ठाऊक झालेली असते.

चौथ्या आठवड्यात दाराच्या फटीतून एक कागद आत पडला. समोरच्या घरातल्या आजी गुडघ्याचं ऑपरेशन करून घरी येताहेत, त्यांना दुपारचं जेवण पोचवायला कोण कोण मोकळं आहे, असं त्यावर लिहिलं होतं. खाली आठवड्याचे वार आखलेले. सहा वारांपुढे सहा नावं, गुरुवार रिकामा. लेकीने माझं नाव तिथे लिहिलं आणि कागद परत नेऊन टाकला. गुरुवारी मी मुगाची खिचडी घेऊन गेले. आजी 88 वर्षांच्या. त्यांनी खिचडी खाल्ली, ताट धुवून परत दिलं आणि दाराशी उभं राहून निरोप दिला. या, बसा, चहा घ्या, काही नाही. मला फार लागलं ते. पण पुढच्या गुरुवारी बरोबर साडेबाराला त्या काठी टेकत दाराशी उभ्या होत्या, माझी वाट बघत.

मग कळलं की आजींची काळजी फक्त जेवणापुरती नाही. कोपऱ्यावरच्या घरातले गृहस्थ रोज सकाळी कुत्रं फिरवताना आजींच्या खिडकीकडे बघतात. नऊपर्यंत पडदा सरकलेला दिसला नाही तर फोन लावतात, फोन उचलला नाही तर त्यांच्याकडे किल्ली आहे. औषधं आणायची पाळी वेगळी, सोमवारी कचऱ्याचा डबा बाहेर ओढायची वेगळी. गावच्या हॉलच्या भिंतीवर या सगळ्या पाळ्यांचे तक्ते लावलेले. हॉल कोण उघडणार, चर्चमध्ये फुलं कोण मांडणार, बसथांब्यावरच्या कुंड्यांना पाणी कोण घालणार, सगळ्यापुढे नावं आणि तारखा.

माझं माहेर पांझरेकाठचं. तिकडे फड पद्धत होती, अजूनही काही बंधाऱ्यांवर आहे. बंधाऱ्याचं पाणी पाटाने येतं, शेतं फडांत वाटलेली, एका फडात सगळ्यांचं पीक एकच, आणि पाणी कोणाला कधी ते पाटकरी ठरवतो. रात्री दोनला पाळी आली तर रात्री दोनला उठायचं. वडील भावकीतल्या ज्या माणसाशी वर्षानुवर्षं बोलत नव्हते, त्याच्या शेतात पाणी गेलं की नाही हे मात्र कंदील घेऊन बघून यायचे. तो तक्ता बघताना मला वडील आठवले. हे लोक एकमेकांशी बोलतात कमी, पण पाण्याची पाळी चुकवत नाहीत, असं मी बहिणीला फोनवर सांगितलं. तिला लगेच कळलं.

प्रश्न (शिरपूर): त्यांच्याकडे ग्रामपंचायत असते का? निवडणुकीत पैसे वाटतात का?

असते. तिला पॅरिश कौन्सिल म्हणतात, सगळ्यात खालची पायरी. पैसे कोणी वाटत नाही, कारण मिळवायचं काही नाही. सदस्यांना पगार नाही, पुष्कळदा जागा आहेत तेवढेच उमेदवार मिळतात, आणि तेही गळ घालून. घरांवरच्या कराचा छोटा वाटा कौन्सिलकडे येतो, त्यातून बाकडी, खेळाचं मैदान, स्मशानातलं गवत असली कामं होतात. घर बांधायला परवानगी देणं त्यांच्या हातात नाही. तो सगळा भाग 1951 पासून राष्ट्रीय उद्यान आहे, ब्रिटनमधलं पहिलं, त्यामुळे खिडकी बदलायची तरी उद्यानाच्या कचेरीचे नियम आडवे येतात.

मी एका बैठकीला मागे जाऊन बसले. दोन तास चालली. त्यातला पाऊण तास एका बाकड्यावर: ते दरीकडे तोंड करून ठेवायचं की रस्त्याकडे. दरीकडे ठेवलं तर देखावा दिसेल, रस्त्याकडे ठेवलं तर बस येताना दिसेल. मतं घेतली, इतिवृत्तात लिहिलं गेलं. कोणी खुर्ची उचलली नाही. कंटाळा आला खरा.

प्रश्न (साक्री): डोंगरात पिकतं काय? आमच्या ठेलारींसारखे मेंढपाळ आहेत का?

गवत पिकतं आणि गवतावर मेंढी पिकते. डोंगर म्हटलं म्हणून मोठं काही डोळ्यांसमोर आणू नका. तिथलं सगळ्यात उंच ठिकाण किंडर स्काउट, 636 मीटर. आपला नंदुरबारकडचा अस्तंबा डोंगर त्याच्या दुपटीहून उंच. पण वर नुसतं उघडं माळरान, काळं दलदलीचं, आणि वारा असा की पदर सांभाळू की तोल.

आपले ठेलारी पावसाळा संपला की कळप घेऊन कोसच्या कोस चालतात. तिकडे मेंढी आपला डोंगर सोडत नाही. कोकराला आपली हद्द आईमागे फिरून कळते, मोकळ्या माळावर कुंपण नसलं तरी ते तेवढ्यातच चरतं. खाली मात्र भिंतीच भिंती. चुना नाही, सिमेंट नाही, नुसते दगड. दोन बाजूंनी दोन रांगा रचत आणायच्या, मधल्या पोटात बारीक दगड ठासायचे, अधूनमधून दोन्ही रांगांना धरून ठेवणारा लांब दगड आडवा घालायचा आणि वर उभ्या दगडांची ओळ. वादळात पडलेली भिंत उभी करणारा एक म्हातारा मी दोन तास बघत उभी होते. तो हातात घेतलेला दगड परत खाली ठेवत नव्हता, कुठे ना कुठे बसवायचाच. मी विचारलं तर म्हणाला, ठेवला की काम दुप्पट होतं.

हॅदरसेजच्या वर स्टॅनेज नावाचा लांबलचक कडा आहे. त्याच्या पायथ्याशी गवतात जात्याचे दगड पडलेत. आपल्या जात्यासारखेच, पण बैलगाडीच्या चाकाएवढे. घडवून तयार होते, गिऱ्हाईक गेलं आणि ते तिथेच राहिले. त्या राष्ट्रीय उद्यानाची खूणच जात्याचा दगड आहे. मी त्या दगडावर बसून ओवी म्हटली, ऐकायला फक्त मेंढ्या होत्या.

प्रश्न (पाचोरा): प्लेगमध्ये स्वतःला कोंडून घेतलेल्या गावाचा तुम्ही एका ओळीत उल्लेख केला होता. ते सविस्तर सांगा.

त्या गावाचं स्पेलिंग वाचलं तर एयाम होतं, म्हणतात मात्र ईम. आमच्यापासून बसने जवळ. तिथे तीनदा गेले.

1665 साली लंडनला प्लेग चालू होता. ईममधल्या शिंप्याकडे लंडनहून कापडाचा गठ्ठा आला, ओलसर होता म्हणून त्याच्या मदतनिसाने तो शेकोटीपुढे वाळत घातला. त्याचं नाव जॉर्ज विकर्स. 7 सप्टेंबरला तो गेला. कापडातल्या पिसवांनी रोग आणला असं सांगतात. हिवाळ्यात जरा ओसरला, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा उसळला. तेव्हा तिथले तरुण पाद्री विल्यम मॉम्पेसन आणि त्यांच्या आधीचे, पदावरून काढलेले पाद्री थॉमस स्टॅन्ली या दोघांनी मिळून गावाला सांगितलं की आता कोणी हद्दीबाहेर जायचं नाही. दोघांचे धर्मातले मतभेद होते, गावातही तट होते. तरी गाव थांबलं.

हद्दीवर एक मोठा दगड आहे, शेजारच्या स्टोनी मिडलटन गावाच्या वाटेवर. त्याला सहा भोकं. ईमची माणसं त्या भोकांत व्हिनेगर ओतून त्यात नाणी टाकत, पलीकडची माणसं नाणी उचलून धान्य-भाकरी ठेवून जात. श्रीमंत जमीनदार, डेव्हनशरचा अर्ल, त्यानेही अन्न पाठवलं. चर्च बंद केलं आणि प्रार्थना उघड्यावर, एका घळीत, घराघरात अंतर ठेवून. दफन ज्याचं त्याने करायचं. एलिझाबेथ हॅन्कॉक नावाच्या बाईने ऑगस्ट 1666 मध्ये आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं स्वतः ओढत नेऊन पुरली. गावाबाहेर माळावर एका गोल भिंतीच्या आत ते थडग्यांचे दगड आहेत. पहिल्या खेपेला मी आत गेले, सात मोजले आणि बाहेर आले. चौदा महिन्यांत गावातली 260 माणसं गेली. मॉम्पेसनची बायको कॅथरीन त्यातच गेली.

ही गोष्ट तिथले लोक फार गोड करून सांगत नाहीत, ते मला आवडलं. मॉम्पेसनने स्वतःची दोन मुलं आधीच बाहेर पाठवली होती, तेही सांगतात.

माझी आजी 'पिलेग'च्या गोष्टी सांगायची. उंदीर पडला की गाव सोडायचं आणि मळ्यात झोपड्या घालायच्या. तेही शहाणपणच होतं. 2020 साली आपल्याकडे गावोगावी रस्त्यावर बाभळीच्या काट्या टाकल्या होत्या, आठवतं ना? बाहेरचा आत यायला नको म्हणून. पुण्याहून पायी आलेल्या आमच्याच आळीतल्या पोराला आम्ही शाळेच्या व्हरांड्यात चौदा दिवस ठेवलं, आणि पहिले दोन दिवस ताट कोणी न्यायचं यावर चर्चाच चालली. त्या दगडाच्या भोकात बोट घालताना मला तो पोरगा आठवत होता. काट्या आम्ही स्वतःला वाचवायला टाकल्या, त्या लोकांनी शेजारच्या गावाला वाचवायला टाकल्या. भोकात आजही लोक नाणी टाकतात. मी दहा रुपयांचं टाकलं.

ऑगस्टचा शेवटचा रविवार ते प्लेगचा रविवार म्हणून पाळतात. सगळं गाव त्या घळीत जमतं. अंतर न ठेवता बसतात आता.

प्रश्न (अक्कलकुवा): आमचं गाव सरदार सरोवरात गेलं. त्यांच्याकडे धरणं बांधताना गावं बुडवली का? त्यांना काय मिळालं?

भाऊ, तुमचं पत्र दोनदा वाचलं. बुडवली. हॅदरसेजच्या वरच्या खोऱ्यात लेडीबोवर नावाचं धरण आहे. शेफिल्ड, डर्बी, नॉटिंगहॅम, लेस्टर या शहरांच्या नळाला पाणी हवं म्हणून ते बांधलं, आणि डरवेंट आणि अ‍ॅशप्टन ही दोन गावं गेली. काम महायुद्धाच्या आधी सुरू झालं, 1945 साली राजा सहावा जॉर्ज उद्घाटनाला आला. बऱ्याच कुटुंबांना धरणाच्या खाली नवी वसाहत बांधून दिली, ती मी पाहिली, दगडी आणि नीटनेटकी घरं. डरवेंटच्या कबरस्तानातले मृतदेह उकरून बॅमफर्ड गावात नेऊन पुन्हा पुरले. जुना दगडी पूल एकेक दगड सुटा करून वरच्या अंगाला नेऊन परत जोडला. चर्चचा मनोरा मात्र पाण्यात उभाच ठेवला होता. लोक पोहत त्याच्याकडे जायला लागले, धोका म्हणून 1947 साली सुरुंग लावून तोही पाडला.

2018 साली पाणी फार खाली गेलं तेव्हा भिंतींचे पाये उघडे पडले आणि बघायला एवढी झुंबड उडाली की गाळात रुतलेली माणसं काढावी लागली. माझ्या मावशीचं सासर हतनूर धरणाच्या पाण्यात गेलं. मावशी उन्हाळ्यात पाणी आटलं की कडेला जाऊन उभी राहायची, उंबऱ्याचा दगड कुठे असेल ते बोटाने दाखवायची. बॅमफर्डला बाकड्यावर शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्याने मला पाण्याकडे बोट करून असंच काहीतरी दाखवलं. त्याची आई बुडालेल्या गावची. आम्हा दोघांचं इंग्रजी वेगळं होतं, पण बोट एकच होतं. पूल नेला, थडगी नेली, जमिनीचा मोबदला दिला, आणि तरी तो माणूस तिथे बसला होता. तुम्हाला यापेक्षा जास्त मी काय लिहू?

प्रश्न (नंदुरबार): तुमच्याशी भेदभाव झाला का? खरं सांगा.

बसथांब्यावर एक बाई माझ्याशी मोठ्याने, तोडून तोडून बोलायची, मी बहिरी असल्यासारखी. आणि "कुठल्या तुम्ही?" याला "हॅदरसेजजवळ राहते" म्हटलं की "नाही, मूळच्या?" हे ठरलेलंच. वाईट वाटायचं. मग कळलं की शेजारच्या खोऱ्यातून येऊन एकतीस वर्षं झालेले गृहस्थही तिथे अजून 'नवीन'च आहेत. आमच्या गल्लीत एक घर आहे, त्यांचे आजोबा शिंदखेड्याहून आले. त्यांना आजही शिंदखेडेवाले म्हणतात. हसू आलं, राग थोडा उतरला. पुरता नाही.

प्रश्न (धरणगाव): दुसऱ्याच्या शेतातून लोक सर्रास चालत जातात असं तुम्ही लिहिलंत. आमच्याकडे बांधावरून कोर्टात वीस-वीस वर्षं जातात.

ठरलेल्या पायवाटेनेच जातात, पण तो हक्क आहे. पाटी असते, भिंतीवर चढून उतरायला दगडी पायऱ्या असतात, फाटक उघडलं तर परत लावायचं, कुत्रं बांधून धरायचं. मी पहिल्यांदा एकाच्या कुरणातून निघाले तेव्हा छाती धडधडत होती, मालक समोरून ट्रॅक्टरवर आला आणि हात करून गेला.

पण फुकटात मिळालेलं नाही हे. वरची माळरानं जमीनदारांनी ग्राऊस नावाच्या, आपल्या तितरासारख्या पक्ष्याच्या शिकारीसाठी राखून ठेवली होती, राखणदार काठ्या घेऊन उभे. 24 एप्रिल 1932 ला गिरण्या-कारखान्यांतली शेकडो पोरं एकत्र किंडर स्काउटवर चढली. पुढारी बेनी रॉथमन, वय वीस. झटापट झाली, पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची शिक्षा झाली, अतिक्रमणाबद्दल नव्हे, दंगल-मारहाणीच्या आरोपाखाली. मोकळ्या माळावर हिंडायचा कायदा व्हायला 2000 साल उजाडलं. ती जमीन तेव्हा डेव्हनशरच्या ड्यूकची होती. ईमला धान्य पाठवणाऱ्या अर्लचंच हे घराणं. 2002 साली, सत्तर वर्षं झाल्याच्या कार्यक्रमात, तेव्हाच्या ड्यूकने आजोबांच्या वतीने जाहीर माफी मागितली. बांधाच्या तंट्यात माफी मागणारा मी आपल्या तालुक्यात अजून पाहिलेला नाही, दिसला तर कळवा.

प्रश्न (यावल): तरुण पोरं गावात राहतात का?

नाही. देखावा सुंदर, म्हणून शहरातले पैसेवाले सुट्टीसाठी घरं घेतात, किमती चढतात, गावातल्या पोराला गावात घर परवडत नाही. लेकीचं घरही भाड्याचं. हिवाळ्यात काही घरांना दिवाच लागत नाही म्हणे. तुमच्याकडे पोरं पुण्याला जातात आणि घर कुलपात राहतं, तिकडे पुण्यातले येऊन घराला कुलूप लावतात, असं समजा.

प्रश्न (भुसावळ): खाण्याचे हाल झाले का? भरीत खाऊ घातलं का त्यांना?

भरताचं विचारू नका. नाही, विचारलंच आहे तर सांगते.

जुलैत गावजेवण होतं, प्रत्येकाने एक पदार्थ आणायचा. मी म्हटलं भरीत. वांगी शेफिल्डच्या दुकानातली, जांभळी, भोपळ्यासारखी फुगीर, असोद्या-बामणोदच्या हिरव्या वांग्यांची त्यांना सर कुठून येणार? काट्या नाहीत, तुऱ्हाट्या नाहीत, म्हणून हॉलच्या स्वयंपाकघरात गॅसवरच भाजायला घेतली. सालं तडतडली, धूर झाला आणि छतातून एकदम किंचाळी सुरू झाली. आगीचा भोंगा!

आपल्याकडे असतं तर सगळे आत धावले असते. तिथे एका माणसाने आरडाओरडा केला नाही. हातातल्या चहाच्या कपांसकट ओळीने बाहेर, हिरवळीवर ठरलेल्या जागी उभे. एक बाई यादी घेऊन नावं वाचायला लागली. एक नाव कमी. ते माझं. मी आत, हातात पेटलेलं वांगं, सोडवत नाही. आजींच्या पडद्यावर लक्ष ठेवणारे ते गृहस्थ परत आत आले, गॅस बंद केला, म्हणाले, "मॅडम, भाजी पण आणा." मग मी वांगं ताटात घेऊन हिरवळीवर त्या रांगेत उभी राहिले, आणि त्या बाईंनी माझ्या नावापुढे बरोबरची खूण केली.

भरीत झालं शेवटी. ठेचलेली मिरची, लसूण, कांद्याची पात, दाणे, सगळं घातलं, मिरची निम्मी. बिस्किटावर लावून खाल्लं त्यांनी. दोघांनी कृती मागितली, बाकीच्यांनी "व्हेरी इंटरेस्टिंग" म्हटलं. लेक म्हणाली, आई, इंटरेस्टिंग म्हणजे आवडलं नाही. तिकडचं ओटच्या पिठाचं धिरडं मात्र मला आवडलं, त्यावर लोणचं घालून मी रोज खायची.

प्रश्न (पारोळा): विहिरीला फुलांचं चित्र लावतात म्हणालात. आम्हा महिला मंडळाला श्रावणात करून बघायचंय. कसं करतात?

त्या जेवणाचं निमित्त तेच होतं. डर्बीशरमध्ये गावोगावी झऱ्यांना, विहिरींना उन्हाळ्यात फुलांचं चित्र वाहतात. टिसिंग्टन गावचं सगळ्यात नावाजलेलं. पाणी आटलं नाही म्हणून देवाचे आभार, असं म्हणतात. आपली खानदेशची कानबाई देवी बसते तेव्हा जशी गल्ली जागी असते, तसं ते गाव चार रात्री जागं होतं.

लाकडी पाट असतो, दारापेक्षा मोठा, कडेला पट्ट्या आणि तळाला खिळे मारलेले, माती धरून राहावी म्हणून. तो आधी ओढ्यात भिजत घालतात, नाहीतर लाकूड मातीतलं पाणी पिऊन टाकतं. माती मीठ घालून पायांनी तुडवतात. तुडवायला लहान पोरं, माझ्या शाळेतली असती तर शर्टाचं काय झालं असतं देव जाणे. माती पाटावर थापून गुळगुळीत करायची, कागदावरचं चित्र वर ठेवून सुईने टोचायचं, कागद काढला की ठिपके राहतात. रेघांवर काळ्या रंगाची झाडाची छोटी बोंडं, नाहीतर कॉफीच्या बिया. मग आत शेवाळ, पानं आणि पाकळ्या. कागद, प्लास्टिक, रंग काही चालत नाही.

मला निळ्या हायड्रेंजियाच्या पाकळ्यांचं आभाळ दिलं होतं. रांगोळीचा हात आहे माझा, झरझर वरून सुरुवात केली. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या त्याच आजी खुर्चीत बसून बघत होत्या. काठीने पाटाला टकटक केलं. खालून वर लावा, म्हणाल्या, वरची पाकळी खालचीवर चढली पाहिजे, कौलं घालतात तशी, म्हणजे पाऊस ओघळून जातो. हातभर आभाळ काढून टाकलं आणि परत लावलं. इतक्या वर्षांत माझं काम कोणी पुसायला लावलं नव्हतं. तीन तास मांडीला मांडी लावून काम केलं आम्ही, आणि त्या तीन तासांत त्या माझ्याशी जेवढं बोलल्या तेवढं चार महिन्यांत कोणी बोललं नव्हतं. नवऱ्याबद्दल, भिंतीखाली दबलेल्या मेंढीबद्दल, एका वाईट हिवाळ्याबद्दल. रविवारी पाद्री येऊन पाणी शिंपडून गेले. आठवडाभर चित्र टिकलं.

आता तुमच्यासाठी. आम्ही गेल्या श्रावणात गल्लीत करून पाहिलं आणि फसलं. शेतातली काळी माती आणली, दुसऱ्या दिवशी पाटावर एवढ्या भेगा पडल्या की कानबाईच्या नथीतून बोट आरपार जाईल. काळी घेऊ नका. कुंभाराकडची घ्या, मीठ सढळ हाताने घाला, पाट आदल्या रात्री हौदात बुडवून ठेवा आणि फट असेल तिथे ओली गोणी लावा. झेंडूच्या पाकळ्या दुसऱ्या दिवशी काळ्या पडतात, त्या शेवटी लावा. रेघांना एरंडीच्या बिया आम्हाला चालल्या, पण लहान पोरं असतील तर त्या नकोत, विषारी असतात. तुरीचे दाणे घ्या. आणि पाळ्या आधी लिहून भिंतीला लावा. आमच्याकडे पहिल्या रात्री एकोणीस बायका होत्या, दुसऱ्या रात्री मी आणि वहिनी.